वही कुणाची?

घरी वही शिवणं हा गरिबीचा नव्हे, स्वभावाचा प्रश्न आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात गुळगुळीत वही मिळत असताना जो माणूस मुलांच्या जुन्या वह्यांतले कोरे कागद जमवतो आणि सुई-दोरा घेऊन बसतो, त्याला काटकसरी म्हणावं की रिकामटेकडा, यावर आमच्या चंद्रपूरच्या घरात दोन पक्ष आहेत. एका पक्षात मी आहे. दुसऱ्यात बाकी सगळे.

कृती सोपी. आठ कागद एकात एक घालून मधोमध दुमडायचे, की बत्तीस पृष्ठं तयार. बाहेरून जुन्या कॅलेंडरचं पान, छापील बाजू आत. म्हणजे गेल्या वर्षीच्या एकादश्या फुकट. घडीवर दाभणानं तीन भोकं पाडायची. सुई मधल्या भोकातून बाहेर काढायची, वरच्यातून आत, आतल्या आत सरळ खालच्यातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. मग लांब टाक्याच्या अलीकडे-पलीकडे दोन टोकं ठेवून गाठ. दोऱ्याला आधी मेण चोळावं, नाहीतर तो रुसलेल्या जावयासारखा मध्येच अडून बसतो.

अशी वही हातात आली की माणसाला मालकीची धुंदी चढते. "ही माझी वही!" मी जाहीर केलं.

"कागद मुलांचा, दोरा माझ्या डब्यातला," सौभाग्यवती म्हणाल्या.

"पण मेहनत माझी!"

"मग आजची भाजी माझी. तुम्ही खाऊ नका."

जॉन लॉक नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञानं सतराव्या शतकात माझीच बाजू मांडली होती. निसर्गातल्या वस्तूत श्रम मिसळले की ती श्रम करणाऱ्याची होते, मात्र इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं उरलं पाहिजे. लॉकच्या घरी भाजी कोण करत होतं, हे विचारायचा मोह मी आवरला.

पण आमच्या भागात हा प्रश्न ताटापुरता राहत नाही. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ सालचा. गडचिरोलीच्या जंगलातला बांबू पुढं कित्येक वर्षं तिथं लगदा होऊन कागद झाला. जंगलातल्या माणसाला मात्र तोच बांबू आपला म्हणून विकता येत नव्हता. १९२७ च्या वन कायद्यानं बांबूला झाडांत बसवलं होतं. वनस्पतिशास्त्र त्याला गवत म्हणतं. पण शास्त्राला कोण विचारतो?

२००६ च्या वनहक्क कायद्यानं बांबू गौण वनोपजात आला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आता बांबू गावाचा. फक्त तो गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवान्यांचं पुस्तक वनखात्याच्या कपाटात. म्हैस तुमची, दावं आमचं! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांच्या उपस्थितीत, ते पुस्तक गावच्या देवाजी तोफांच्या हाती दिलं. आत एकही वाक्य लिहिलेलं नाही, आणि प्रकाशनाला केंद्रीय मंत्री! आम्हा लेखकांच्या लिहिलेल्या पुस्तकांना नगरसेवक मिळत नाही.

तेव्हापासून लॉकसाहेब मला पुरेनासे झालेत. मी अर्धा तास सुई चालवली, ते श्रम दिसतात. तोडणाऱ्याची कुऱ्हाडही दिसते. पण मेंढ्याच्या लोकांनी वर्षानुवर्षं जंगल राखलं, फिरून पहारा केला, तोडू दिलं नाही. त्या न तोडण्याचे श्रम कुठल्या रकान्यात मांडायचे? आणि ते मांडले, तर माझ्या आठ कागदांत माझं नक्की किती उरतं? तीन भोकं आणि एक गाठ, असा माझा अंदाज आहे. भोकं कुणाच्या मालकीची असू शकतात का, हा पुन्हा निराळा वाद.

वही सध्या स्वयंपाकघरात खिळ्याला लटकते आहे. पहिल्या पानावर दुधाचा हिशेब आहे. अक्षर माझं नाही.