रिकाम्या वेळेचे वेळापत्रक

प्रवासाचा बेत आखणे हा प्रवासातला सर्वांत सुखाचा भाग, असे म्हणण्याची रीत आहे. मला तो सर्वांत अवघड वाटतो. येत्या वसंतात आम्ही उभयता प्रथमच चीनला जाणार आहोत. बीजिंग (आमच्या लहानपणीचे पेकिंग) आणि शांघाय. लेकीने दहा दिवसांचे कोष्टक काढून दिले असून त्यात दोन ठिकाणी चक्क 'मोकळा वेळ, २ ते ५' असे लिहिले आहे. घड्याळ लावून दिलेला वेळ मोकळा कसा?

"अहो, मोकळा तर मोकळा. बसू कुठेतरी," इति आमच्या सौभाग्यवती. पण इतके पैसे खर्चून, इतक्या दूर जाऊन नुसते बसण्याचा आपल्याला अधिकार आहे काय? पै-पै जोडून संसार केलेल्या माणसाला हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

बेत मुळीच नको, असे मी म्हणणार नाही. बीजिंगच्या जुन्या राजवाड्यात दिवसाला फक्त ४०,००० माणसे सोडतात. पासपोर्ट दाखवून तिकीट आधीच राखून ठेवावे लागते, आणि सोमवारी तो सहसा बंद असतो. लहरीवर विसंबून गेलेला मनुष्य तांबड्या भिंती पाहून परतायचा! तेव्हा राजवाड्यापुरते कोष्टकाचे राज्य मला मान्य आहे.

पण स्वर्गमंदिराचे तसे नाही. १४२० साली बांधलेल्या या मंदिरात सम्राट उपवास करून येई आणि चांगल्या पिकासाठी आकाशाची पूजा करी. त्याचे प्रत्येक पाऊल विधीने बांधलेले. साऱ्या देशाचा धनी, पण तेथे त्याला एक क्षणही स्वतःचा नसे. सामान्यांना तर आत पाऊलच टाकता येत नसे. १९१८ साली ती बाग लोकांना खुली झाली. आता सकाळी तेथे पेन्शनर मंडळी नाचतात, पत्ते कुटतात, पिसांचे फूल पायाने उडवतात. सम्राटाला जे मिळाले नाही ते त्यांना मिळाले.

त्यांची मुले मात्र कचेरीत. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, अशी राबणूक तेथल्या कित्येक कंपन्यांत रूढ झाली होती. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला ती बेकायदा असल्याचे सांगावे लागले. चिनी लिपीत 'कामात गढलेला' या अर्थाचे जे अक्षर आहे, त्याची एक बाजू हृदयाची आणि दुसरी नाशाची. 'फुरसत' हे अक्षर जुन्या वळणात लिहिले, तर दाराच्या आत चंद्र दिसतो. लिन युटांग यांनी १९३७ साली इंग्रजीत एक जाडजूड पुस्तक लिहून स्वस्थ बसण्याची थोरवी गायली. (स्वस्थ बसण्यावर एवढे लिहायला केवढी मेहनत पडली असेल!)

माझी खरी अडचण शांघायची. तेथल्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी आईबाप उघड्या छत्र्यांवर कागद लावून बसतात. कागदावर मुलाचे वा मुलीचे वय, उंची, शिक्षण, पगार. प्रवासी पुस्तके हे 'फावल्या वेळात पाहण्यासारखे' म्हणून सुचवतात. माझ्या रिकाम्या दुपारची करमणूक म्हणून दुसऱ्याच्या घरची काळजी पाहायची? आपल्याकडच्या वधूवर मेळाव्यात कोणी गोरा पाहुणा कॅमेरा रोखून हिंडला, तर आपल्याला काय वाटेल? मी ती ओळ खोडून टाकली.

सौभाग्यवतींनी ती पुन्हा लिहिली. "परके कसले? लेकीची पत्रिका घेऊन तुम्ही किती उंबरे झिजवलेत, आठवा. कॅमेरा खोलीवर ठेवू आणि त्यांच्याशेजारी बाकावर बसू."

यावर मला उत्तर सुचले नाही. पाहणारा आणि सोबत बसणारा यांत फरक आहे खरा. तो समोरच्याला कसा कळावा, हा प्रश्न मात्र उरतोच. "आमच्या मुलीचे लग्न झाले आहे," हे खुणांनी सांगण्याचा सराव त्यांनी कालपासून आरशासमोर सुरू केला आहे.