चौरस फुटांत न मावणारं घर

शिवाजी पार्कच्या परिसरात अजून अधूनमधून अशी जाहिरात येते: जुन्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, हवेशीर, मैदानाजवळ, विकणे आहे. खाली कार्पेट एरिया आणि चौरस फुटाचा दर. गिऱ्हाईक आधी दर विचारतं, मग लिफ्ट आहे का ते, आणि हल्ली तिसरा प्रश्न हमखास येतो, की इमारत रिडेव्हलपमेंटला कधी जाणार? म्हणजे घर बघायला आलेला माणूस समोरचं घर बघतच नाही. ते पाडल्यावर तिथे काय उभं राहील, याचा हिशेब करत तो खोल्यांतून फिरतो. मला याचं फार वाईट वाटतं.

हे मैदान 1925 साली माहीम पार्क म्हणून खुलं झालं. 1927 साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं, त्याला महाराजांचं नाव मिळालं. भोवतालच्या बहुतेक इमारती त्यानंतरच्या वीसेक वर्षांतल्या, तळमजला आणि वर दोन मजले अशा बेताच्या उंचीच्या. सळया घालून ओतलेलं काँक्रीट तेव्हा घरबांधणीत रुळू लागलं होतं. त्यामुळे खांबाचा टेकू न देता लांब छज्जा पुढे काढता येई, इमारतीचा कोपरा गोल वळवता येई. आर्ट डेको म्हणतात ती ही शैली. मरीन ड्राइव्हवरचं 1937 चं सूना महाल हे तिचं सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं उदाहरण, आणि त्याचे वास्तुविशारद गजानन बाबूराव म्हात्रे आपल्यातलेच. चाळीत वाढलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला संडास-न्हाणीघरासकट आपलं स्वतंत्र दार असलेला ‘ब्लॉक’ मिळाला, तो याच काळात.

असा एक विकायला काढलेला ब्लॉक मी अलीकडे पाहिला. बाहेरच्या खोलीचं छत अकरा फुटांच्या आसपास. आतल्या प्रत्येक दारावर काचेची आडवी झडप, दोरी ओढली की उघडणारी. जमीन मोझॅकची, कडेनं गडद तांबडा पट्टा, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी तो पट्टा पावलांनी घासून फिका झालेला. चौकटी सागवानी. गॅलरीच्या कठड्याला जहाजाच्या डेकवर असतात तशा आडव्या लोखंडी नळ्या. एजंट भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावत होता. छताकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

पाहणार तरी कशाला? दर चौरस फुटाचा असतो. आपण मात्र खोलीत राहतो, आणि खोलीला उंचीही असते. अकरा फुटांच्या खोलीत गरम हवा डोक्याच्या बरीच वर जाते. दारावरच्या झडपा उघड्या असतील तर ती तिथून पुढच्या खोलीत आणि मागच्या खिडकीतून बाहेर पडते. पश्चिमेचा समुद्रवारा गॅलरीतून आत यावा आणि घरभर फिरून मागच्या बाजूनं निघून जावा, या हिशेबानं दारं-खिडक्या समोरासमोर ठेवल्या आहेत. नव्या फ्लॅटचं छत नऊ-साडेनऊ फुटांवर असतं. त्यातही फॉल्स सीलिंग आलं की फूटभर आणखी खाली. मग एसी लागतोच. उंची गेली, वारा गेला आणि विजेचं बिल आलं, तरी कागदावर क्षेत्रफळ वाढलेलंच दिसतं.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. दुसऱ्या मजल्यावरची ती गॅलरी रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. खालून जाणाऱ्या भाजीवाल्याला थांबवता येतं, कट्ट्यावर बसलेल्या वडिलांना जेवायला बोलावता येतं, शाळेची बस चुकलेलं पोर वरूनच दिसतं. टॉवरमध्ये खालचे पाच-सहा मजले गाड्यांचे, आणि माणसांची वस्ती त्यांच्या वर सुरू होते. रस्त्यावरून चालणाऱ्याच्या नजरेसमोर उरते ती पार्किंगची जाळी. वर राहणाऱ्याला मैदान चित्रासारखं छान दिसतं खरं, पण खालच्या माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. संध्याकाळी शिवाजी पार्कला फेरी मारताना सुरक्षित वाटतं, याचं मोठं कारण या खालच्या गॅलऱ्यांत उभी असलेली माणसं आहेत असं मी मानतो.

दुसरी बाजूही खरी आहे. इथे पन्नास वर्षं राहिलेल्या आजींना आता जिना चढवत नाही. खाऱ्या हवेनं सळया गंजतात, गंज फुगतो आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटून पडतात. पागडीच्या इमारतीत भाडं इतकं नाममात्र, की मालकाला डागडुजीत रस नसतो आणि भाडेकरूंचं एकमत होत नाही. 2012 साली हा परिसर वारसा म्हणून जपण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा अनेक रहिवाशांनीच त्याला विरोध केला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वारसा म्हणून पाटी लावायची आणि दुरुस्तीचा खर्च त्यांच्या गळ्यात मारायचा, हा न्याय नव्हे. 2018 साली ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, सगळ्यांना अभिमान वाटला. दादर-माटुंग्यातल्या त्यांच्या भावंडांना ते कवच मिळालं नाही. ही घरं आता त्यांत राहणाऱ्यांच्या आणि ती विकत घेणाऱ्यांच्याच हाती आहेत.

म्हणून असं घर घ्यायचं मनात असेल तर एक करा. ते बघायला भर दुपारी जा. पंखा बंद करायला सांगा, खिडक्या आणि दारांवरच्या झडपा उघडा आणि दहा मिनिटं तिथे बसा. मग सोसायटीकडे किंवा मालकाकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. तीस वर्षांवरच्या इमारतीला तो बंधनकारकच आहे. इमारत धोकादायक ठरली असेल तर प्रश्नच मिटला, माणसाच्या जिवापुढे कुठलीही लादी मोठी नाही. पण अहवाल दुरुस्ती पुरेशी आहे असं म्हणत असेल, तर दुरुस्तीच्या बाजूनं मत द्या. जागा असेल तिथे बाहेरच्या बाजूनं लिफ्ट बसवता येते, सळया साफ करून काँक्रीट पुन्हा भरता येतं. आणि घर ताब्यात आल्यावर इंटिरियरवाला मोझॅक उखडून वर चकचकीत टाइल लावू म्हणेल, तेव्हा त्याला आधी ते नुसतं घासून पॉलिश करायला सांगा.