आप्तकामाची क्रीडा

आषाढी वारीच्या वाटेवर बारामती आणि सणसरचे मुक्काम मागे टाकून तुकोबारायांची पालखी इंदापूर तालुक्यातील बेलवाडीला पोहोचते, तेव्हा तेथे सोहळ्यातले पहिले गोल रिंगण होते. पताकाधारी आणि डोईवर तुळस घेतलेल्या स्त्रिया धावतात, ज्याच्या पाठीवर कोणी स्वार नाही असा अश्व वर्तुळात सुटतो, आणि त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी माणसे ओणवी होतात. मग फुगड्या रंगतात. साधन म्हणावे तर दोन हात.

त्याच रिंगणाच्या कडेला, बाभळीखाली, दोन मुले मोबाइलवर लढाईचा डाव मांडून बसलेली मी पाहिली. फोन इतका तापला होता की एकाने ओला रुमाल त्याच्या पाठीला लावला होता, आणि तरीही ‘लॅग होतोय रे’ म्हणून तो वैतागत होता. त्या चपट्या पेटीत पंखा नसतो. उष्णता साचली की चिप स्वतःला जपण्यासाठी आपला वेग आपणच उतरविते.

ही मर्यादा मागे रेटण्यासाठी बलाढ्य कंपन्यांनी आपसांत करारनामे केले आहेत. सॅमसंगने २०१९ साली एएमडीशी हातमिळवणी केली आणि २०२२च्या जानेवारीत जाहीर झालेल्या एक्झिनॉस २२०० या चिपमध्ये प्रकाशकिरणांचा मार्ग गणिताने काढून छाया व प्रतिबिंबे रेखाटण्याची शक्ती आणली. क्वालकॉमने २०२१च्या डिसेंबरात रेझरसह केवळ खेळासाठी घडविलेले हातातले यंत्र विकसकांपुढे ठेवले, त्यात तर पंखाच बसविला.

पण मुळात खेळ जन्मतो कशातून? पूर्णकाम ईश्वराने सृष्टी निर्मिलीच कशाला, या आक्षेपाला ब्रह्मसूत्रांनी लीला हे उत्तर दिले, आणि शंकराचार्यांनी भाष्यात सर्व इच्छा पुरलेल्या, म्हणजे आप्तकाम, राजाच्या क्रीडेचा व सहज चालणाऱ्या श्वासोच्छ्वासाचा दृष्टान्त योजिला. क्रीडा उद्भवते ती पूर्णतेतून. व्यापाराला मात्र आधी उणीव निर्माण करावी लागते. हातातले यंत्र अपुरे आहे अशी मुलाची खात्री पटल्यावाचून नवे खपत नाही, आणि ही खात्री दरसाल नव्याने पटवावी लागते. माझा आक्षेप आहे तो येथे.

यंत्राला किंवा ते घडविणाऱ्याला मी दोष देत नाही. बारामतीच्या मोरोपंतांनी रचलेल्या रामायणांत एक निरोष्ठ आहे, म्हणजे प, फ, ब, भ, म हे वर्ण वर्ज्य करून लिहिलेले. ज्यात रामाचे नावसुद्धा उच्चारता येत नाही असे रामायण! ते बंधन कोणी त्यांच्यावर लादले नव्हते; सामर्थ्य ओसंडत होते म्हणून त्यांनी ते आपण होऊन पत्करले. नखाएवढ्या सिलिकॉनवर उष्णतेचा हिशेब जुळवीत बसलेल्या अभियंत्याच्या कामातही हीच लीला मला दिसते, मग त्याच्या मालकांचा हेतू काहीही असो.

आणि तो मुलगा? ‘‘फॅनवाला फोन घ्यायचाय, काका,’’ तो म्हणाला. आणि थोडे थांबून, रुमाल पुन्हा भिजवीत, ‘‘पण मघाशी लॅग नव्हता ना, तेव्हा लई मज्जा आली.’’ त्या घटकेपुरता तो आप्तकाम होता असे मी मानतो, आणि ती घटका त्याला त्या जुन्या, तापलेल्या फोनवरच लाभली होती.