मापात पाप

आजचं वाचन: अनुवाद २५:१३-१६
सोबत वाचा: लेवीय १९:३५-३६, आमोस ८:४-६, लूक १९:१-१०



आजचा भाग अगदी छोटा आहे, फक्त चार वचनं. वाचताना वाटतं, हे दुकानदारांसाठी आहे, आपण पुढे जाऊया. वार्षिक वाचनाच्या तक्त्यावर मीही कित्येक वर्षं यावर टिक मारून पुढे गेलो. या वर्षी मात्र अडकलो. का ते सांगतो.

मोशे इथे इस्राएल लोकांना सांगतो की पिशवीत दोन प्रकारची वजनं ठेवू नका, एक मोठं आणि एक लहान. घरात दोन प्रकारची मापं ठेवू नका. त्या काळी वजन म्हणजे घडवलेला दगड. मूळ इब्री भाषेत इथे वजनासाठी 'दगड' हाच शब्द आहे. यहूदाच्या जुन्या शहरांच्या उत्खननात चुनखडीचे असे घुमटाकार दगड सापडले आहेत. एका शेकेलचा दगड साधारण ११ ग्रॅमचा. व्यापारी असे दगड पिशवीत घेऊन फिरायचा. आता ज्याची नियत फिरली त्याने काय करावं? विकत घेताना जड दगड काढायचा, विकताना हलका. दोन्ही दगड दिसायला सारखेच, त्यामुळे समोरच्याला कळतही नाही.

आपल्याकडे याला काटा मारणं म्हणतात. नगरला आमची आजी बाजारात गेली की भाजीवाल्याच्या तराजूतलं लोखंडी वजन उचलून उलटं करून बघायची. खाली शिसं भरून त्यावर सरकारी शिक्का असतो, तो आहे का ते पाहायची. लहानपणी मला फार लाज वाटायची. मी म्हणायचो, "आजी, चल ना." ती म्हणायची, "मापात पाप नसावं रे बाळा."

आता नीट बघा. मोशे फक्त 'खोटं वजन वापरू नको' असं म्हणत नाही. तो म्हणतो, पिशवीत ठेवूच नको. कारण दुसरा दगड पिशवीत आहे याचाच अर्थ निर्णय आधीच झालेला आहे. आता फक्त गिऱ्हाईक यायचा अवकाश. आणि अशा माणसाचा देवाला वीट आहे, हे सांगताना जो कडक शब्द वापरला आहे, तोच शब्द पवित्र शास्त्रात मूर्तिपूजेसाठीही येतो. काही ग्रॅमच्या फरकासाठी एवढा कडक शब्द!

माझा दगड टाइमशीटमध्ये होता.

एका प्रोजेक्टवर क्लायंटच्या सिस्टिमचा अ‍ॅक्सेस मिळायला उशीर झाला. जवळजवळ दोन महिने दिवसाला तीन-चार तासांचंच खरं काम असायचं. बाकी वेळ चहा, फोन, इकडचं-तिकडचं. पण टाइमशीटमध्ये रोज आठ तास, आणि पुढे लिहिलेलं 'डेव्हलपमेंट'. क्लायंटला बिल तासांवर जायचं. कुणी मला दम दिला नव्हता. सगळे भरत होते, मीही भरत होतो. शुक्रवारी संध्याकाळी दोन मिनिटांचं काम. आणि रविवारी उपासनेत गिटार वाजवायला मीच पुढे.

मग एका सकाळी हा भाग समोर आला. आजीचा हात आठवला, वजन उलटं करणारा. माझं वजन कुणी उलटं केलं तर खाली काय दिसेल?

खरं सांगतो, मी लगेच शरण गेलो नाही. आधी वाद घातला. माझ्याकडे दोन कारणं होती आणि दोन्ही चांगली वाटत होती.

पहिलं कारण: क्लायंटलाही हे माहीत असतं, इंडस्ट्री अशीच चालते. मग मी स्वतःला एक प्रश्न विचारला. त्यांना खरंच माहीत असेल तर 'चार तास काम, चार तास अ‍ॅक्सेसची वाट' असं लिहिल्याने काहीच बिघडायला नको, बरोबर? पण तसं लिहायला हात धजत नव्हता. म्हणजे बिघडणार होतं, म्हणजेच त्यांना माहीत नव्हतं. ज्या गोष्टीवर दोघांची संमती आहे ती उघड लिहिता येते. लिहिता येत नसेल तर ती संमती मी मनातच त्यांच्या वतीने देऊन टाकलेली असते.

दुसरं कारण जास्त चिवट होतं: कंपनीने माझ्याकडून किती रात्री आणि शनिवार-रविवार काढून घेतलेत! ते तास कुठे कुणी मोजले? मग हिशोब फिटला. पण हा हिशोब कोण करतंय? मीच. तराजू माझा, दगड माझे, आणि निकालही माझ्याच बाजूने. शिवाय रात्री घेतल्या कंपनीने आणि वसुली क्लायंटकडून.

या दुसऱ्या कारणाने मला आणखी एक गोष्ट दाखवली. बारा तास काम करून आठ भरणं हेही खोटंच माप आहे. त्याला आपण 'डेडिकेशन' म्हणतो. पण त्याच आठ तासांवर पुढच्या प्रोजेक्टचं एस्टिमेट बनतं आणि पुढची टीम त्याखाली चिरडते. निर्गमच्या ५ व्या अध्यायात फारोने हेच केलं. गवत देणं बंद केलं आणि विटांची संख्या तेवढीच ठेवली. म्हणजे मालकाच्या पिशवीतही दोन दगड असू शकतात, आणि आपण गप्प राहून ते लपवायला मदत करू शकतो. खरं वजन दोन्हीकडे खरं असतं. तीन तास काम झालं तर तीन, बारा झालं तर बारा.

आमोसच्या ८ व्या अध्यायातले व्यापारी बघा. ते शब्बाथ पाळत होते. दुकान बंद ठेवत होते. पण मनात एकच विचार, हा शब्बाथ कधी संपतो आणि एफाचं माप लहान करून, शेकेल जड करून आपण कधी विकायला बसतो. ते वाचताना मला गिटार आठवली. ते उपासनेला येत नव्हते अशी देवाची तक्रार नव्हती. उपासनेचा दिवस आणि बाजाराचा दिवस यांच्यासाठी त्यांच्याकडे वेगवेगळे दगड होते, ही तक्रार होती. देवाचा मान राखणं म्हणजे काय, याचं मला समजलेलं उत्तर हेच: दोन्ही दिवशी एकच दगड.

एका सोमवारी मॅनेजरशी बोललो. तो वाईट माणूस नाही, हे आधी सांगतो. तो म्हणाला, "अरे, तू एकटा हरिश्चंद्र होऊन काय होणार आहे?" मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "तुझे तू भर. पण आकडा खाली आला की प्रश्न येणार, आणि मला उत्तर द्यावं लागणार." मी आधीच्या दोन महिन्यांचे खरे तासही त्याला लेखी कळवले. त्यातून बिलात काय बदललं ते माझ्यापर्यंत कधी आलं नाही. ती गोष्ट मी अजून प्रार्थनेत घेऊन बसतो.

साक्ष इथे संपली असती तर किती छान झालं असतं! पण दोन आठवड्यांनी क्लायंटने म्हटलं, काम एवढंच आहे तर एक माणूस कमी करा. कमी झाला तो मी नव्हतो. आमच्या टीममधला सगळ्यात नवा मुलगा होता. कॉलेजमधून येऊन वर्षही झालं नव्हतं. तो बेंचवर गेला. बेंच किती दिवस आणि त्यानंतर काय, हे आपल्या क्षेत्रातल्यांना वेगळं सांगायला नको. माझ्या डेस्कपाशी येऊन म्हणाला, "सर, माझं काय चुकलं?"

माझा प्रामाणिकपणा आणि बिल त्याच्या नावावर! त्या रात्री झोप लागली नाही. मी देवाचा मान राखला की फक्त स्वतःचा विवेक साफ केला, तोही दुसऱ्याच्या खर्चाने?

यावर तर्काचं उत्तर आहे, आणि ते खरंही आहे. त्याची जागा खोट्या वजनावर उभी होती. ते वजन आज ना उद्या निघालंच असतं. पडझड खोट्यामुळे झाली, खऱ्यामुळे नाही. पण बरोबर उत्तर नेहमी पुरेसं असतंच असं नाही. या उत्तराने त्याचं घरभाडं भरलं जाणार नव्हतं.

तेव्हा जक्कय आठवला. आपल्याला तो उंबराच्या झाडावर चढलेला बुटका जकातदार म्हणून पाठ असतो. त्याचा हिशोब आपण फार वाचत नाही. नियमशास्त्रात, फसवून घेतलेलं माणूस स्वतः कबूल करून परत करत असेल तर मूळ रक्कम आणि वर एक पंचमांश एवढं द्यावं लागे. चौपट भरपाई होती ती चोरून कापलेल्या किंवा विकलेल्या मेंढरासाठी. जक्कयाने स्वतःसाठी कडक नियम निवडला: अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना फसवलं त्यांना चौपट. त्याचं खरेपण स्वतःच्या खिशातून गेलं. माझं खरेपण मला फक्त एका अवघड संभाषणाच्या किमतीत पडलं होतं. उरलेली किंमत तो मुलगा भरत होता.

म्हणून जे हातात होतं ते केलं. ऑफिस सुटल्यावर रोज दीड तास त्याच्याबरोबर बसलो. तीन आठवडे. कंपनीतल्या दुसऱ्या प्रोजेक्टच्या मुलाखतींची तयारी करून घेतली, ओळखीच्या लीड लोकांशी बोललो. त्याला खरं कारणही सांगितलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आधी सांगायला हवं होतं सर." हो, हवं होतं. सहाव्या आठवड्यात त्याला प्रोजेक्ट मिळालं. नसतं मिळालं तर हा लेख मी लिहिला असता का? माहीत नाही. पण तरीही टाइमशीटमध्ये आठ लिहिणं बरोबर ठरलं नसतं, एवढं नक्की.

शेवटी एक गोष्ट, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. हे वाचून कुणी असं समजू नये की खरे तास भरले की देव खूश होतो आणि आपलं खातं जमेत जातं. क्रम बघा. येशू आधी जक्कयाच्या घरी गेला, मग जक्कयाने हिशोब काढला. लेवीय १९ मध्येही खऱ्या तराजूची आज्ञा दिल्यावर देव लगेच आठवण करून देतो की मीच तुम्हाला मिसर देशातून बाहेर काढलं. जणू तो म्हणतोय, फारोचं खोटं माप तुम्ही पाठीवर सोसलं आहे. मी तुम्हाला त्यातून सोडवलं. आता तेच माप तुमच्या पिशवीत कसं? कृपा आधी आहे. वजन खरं ठेवायचं ते सुटका मिळवण्यासाठी नाही, सुटका झाली आहे म्हणून.

तुमचा दगड कदाचित टाइमशीट नसेल. रेझ्युमेमधलं वाढवलेलं एक वर्ष असेल, खोटी भाडेपावती असेल, किंवा दुसऱ्याची चूक मोजताना जड आणि स्वतःची मोजताना हलका होणारा दगड असेल. आज झोपण्याआधी पिशवी एकदा उलटी करून बघा. आणि जे निघेल ते खरं करताना एवढंच विचारा: याची किंमत कोण भरणार आहे? ती दुसऱ्यावर जात असेल तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. मी उशिरा गेलो. तुम्ही आधी जा.

प्रार्थना: हे देवबापा, तू मला फुकट सोडवलंस. माझ्या पिशवीत मी लपवलेले दगड तुला दिसतात, ते मलाही दाखव. खरं बोलण्याचं धैर्य दे, आणि माझ्या खरेपणाचा भार ज्याच्यावर पडतो त्याच्या सोबत राहण्याचं प्रेमही दे. रविवारी आणि सोमवारी मला एकच माणूस कर. येशूच्या नावात मागतो, आमेन.