मिटवण्याचा हक्क कोणाचा?

बांधावरून बोलाचाली होते, माणसं हातघाईवर येतात आणि कुणीतरी कुणाच्या ओठाचा किंवा नाकाच्या शेंड्याचा लचका तोडतो. मग पारावर चार जाणती माणसं बसतात आणि घरातलं घरात मिटवू म्हणतात.

या बैठकीला मी कमी लेखत नाही. कोर्टात तारखा पडत राहतात. इकडे दोन्ही घरांची विहीर एक, शेताची वाट एक. १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचा पायाही हाच होता.

पण बांध पुन्हा आखता येतो, ओठ नाही. माणसाच्या तोंडात असंख्य जिवाणू असतात. जखम भरपूर धुवावी लागते, प्रतिजैविकं द्यावी लागतात, धनुर्वाताची आणि ‘ब’ काविळीची काळजी घ्यावी लागते. चेहऱ्याचा रक्तपुरवठा चांगला असल्यानं साफ केलेली जखम तिथं लगेच शिवता येते. तुटलेला तुकडा ओल्या, स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून, पिशवीत घालून बर्फावर नेला, तर निदान प्रयत्न करता येतो. बैठक लांबली की ही वेळ जाते. आणि अब्रूपायी जखमी बाईला ‘दारात पडले’ असं सांगायला लावलं, तर डॉक्टरही भलत्याच जखमेवर उपचार करत बसतात.

चेहऱ्याची कायमची विद्रूपता कायद्यानं ‘जबर दुखापत’ ठरते. दात हे घातक शस्त्र नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं २००४ मध्ये म्हटलं. त्यामुळे शस्त्रानं केलेल्या जबर दुखापतीचं कडक कलम लागत नाही आणि अशा गुन्ह्यात न्यायालयाच्या परवानगीनं तडजोडीला वाव राहतो. मात्र ती तडजोड करण्याचा हक्क कायदा ज्याला दुखापत झाली त्यालाच देतो. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण पारावर नेमकं उलट घडतं. नवऱ्यानं चावा घेतलेल्या बाईच्या वतीनं तिचा सासरा आणि भाऊ हात मिळवतात. ती आतल्या खोलीत तोंडाला पदर लावून बसलेली असते. भरपाई ठरते ती आजच्या टाक्यांची. व्रण मुरायला कित्येक महिने लागतात आणि पुढं पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते, त्याचा खर्च कुणी धरत नाही.

तिनं नकार दिला, तर तिच्या माहेरावर वाळीत पडण्याची पाळी येऊ नये. सामाजिक बहिष्कार हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे पंचांनी बैठकीआधी मोठ्यानं वाचून दाखवावं. मग तिला, तिच्या माणसांना बाहेर थांबवून, काय हवं ते विचारावं.