वहिवाट आणि वंश

प्रत्येक वर्गीकरण हे वंशाविषयीचे एक विधान असते, आणि विधान म्हटले की पुरावा आला, हरकत आली आणि फेरतपासणीही आली. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात राहणाऱ्या, तुंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत जेमतेम दीड-पावणेदोन इंच भरणाऱ्या झँटुसिया व्हिजिलिस या सरड्याची कुळकथा या दृष्टीने मननीय आहे.

हंगेरीतून परागंदा झालेल्या यानोश झँटुस याने फोर्ट तेहोन या लष्करी ठाण्याच्या परिसरात जमविलेल्या नमुन्यांवरून स्पेन्सर बेअर्ड याने १८५९ साली या जातीचे वर्णन केले. पुढे कित्येक वर्षे ती दुर्मीळ गणली गेली, याचे कारण एवढेच, की तिचे बिऱ्हाड कोठे असते हे कोणास ठाऊक नव्हते. उन्मळून पडलेल्या जॉशुआ वृक्षाचे कुजके खोड उलथले, म्हणजे त्याखालच्या किंचित ओलसर अंधारात वाळवी, मुंग्या नि बारीक किडे टिपणारा हा प्राणी सापडतो. तो अंडी घालीत नाही, जिवंत पिलांना जन्म देतो, आणि नर, मादी व पिले पुष्कळदा एकाच खोडाखाली एकत्र नांदतात.

त्याच्या डोळ्याला पापणी नाही. बुबुळावर पारदर्शक खवला असतो, तो जिभेने पुसला जातो, आणि बाहुली उभ्या चिरेसारखी असते. या एका डोळ्यावरून तो निशाचर ठरला आणि पालीच्या कुळाशी त्याची सोयरीकही जुळविली गेली. पहिला तर्क निरीक्षणाने ढासळला, कारण आडोशाखाली तो दिवसाही वावरत असतो. दुसरा तर्क पोटावरच्या चौकोनी खवल्यांच्या रांगा, कवटीची रचना आणि अखेर जनुकीय पुरावा यांच्यापुढे टिकला नाही, आणि सापसुरळीच्या गोतावळ्यात त्याची गणना झाली.

खुद्द झँटुसिया प्रजातीतही हाच गोंधळ घरात शिरलेला होता. ग्रॅनाइटच्या कपारींत राहणाऱ्या जाती चपट्या अंगाच्या व लांब पायांच्या, त्यामुळे त्या परस्परांच्या सख्ख्या वाटाव्यात हे स्वाभाविकच. परंतु जनुकीय तपासात असे निष्पन्न झाले, की हा चपटेपणा वेगवेगळ्या शाखांत स्वतंत्रपणे उद्भवला असून कपारीतल्या काही सरड्यांचे नाते कपारीतल्या इतरांपेक्षा खोडाखालच्यांशी अधिक निकटचे आहे.

जमिनीच्या दप्तरात कसणाऱ्याची वहिवाट आणि वारसाचा हक्क या दोन भिन्न नोंदी असतात. शरीराची ठेवण ही बव्हंशी वहिवाटीची नोंद होय. प्राणी कोठे व कसा राहिला ते ती सांगते, कोणाच्या पोटी आला ते सांगेलच असे नाही. म्हणून या सरड्यांच्या नावांत होणारे फेरफार पाहून शास्त्राला धरसोडीचा दोष देणे अन्यायाचे आहे. नव्या पुराव्यापुढे आपली जुनी नोंद खोडावयास जे दप्तर तयार असते, त्याच्याच नोंदींवर शहाण्याने भरवसा ठेवावा.