साधं लग्न कुणी ठरवायचं?

२५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. सत्यशोधक समाज स्थापन होऊन जेमतेम तीन महिने झाले होते. लग्नाला भटजी नव्हता, दक्षिणा नव्हती आणि खर्च म्हणाल तर पानसुपारीचा. साधेपणाचा विचार आपल्याकडे संतांपासून चालत आलेला आहे, पण त्याची मुळं वैराग्यात होती. जोतीराव फुल्यांनी तो संसाराच्या ऐन मांडवात आणला. कुणब्यानं मुलीच्या लग्नात सावकाराच्या आणि जोशाच्या हाती सापडू नये, हा त्यामागचा रोखठोक हिशेब होता.

तरीही ही पद्धत म्हणजे नुसती काटछाट नव्हती. फुल्यांनी १८८७ साली सत्यशोधक समाजाच्या पूजाविधीचं पुस्तक काढलं, त्यात मराठी मंगलाष्टकं दिली. वधू त्यांत स्वातंत्र्याचा हक्क मागते आणि वर तो देण्याचं वचन देतो. उपस्थितांना कळेल अशा भाषेत. मला हा भाग सगळ्यांत मोलाचा वाटतो. बाकीचा पसारा बाजूला केल्यामुळे दोन माणसांचं एकमेकांना दिलेलं वचन ऐकू येऊ लागलं. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला अशी लग्नं लागली, तेव्हा जोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्ट गाठलं आणि प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं. एवढ्याशा साधेपणानं कुणाकुणाच्या उत्पन्नाला धक्का बसत होता, ते यावरून समजतं.

त्याच काळात काटकसरीचा दुसराही एक उपदेश चालू होता, वरून खाली केलेला. शेतकरी लग्नात पैसा उधळतो म्हणून कर्जात बुडतो, असं साहेबलोक आणि शहाणेसुरते म्हणत. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांचा दंगा झाला, सावकारांची कर्जखतं जाळली गेली. चौकशीला नेमलेल्या कमिशननं मात्र लग्नखर्चाला नको तितकं महत्त्व दिलं जातं, कर्जाचं मूळ सहसा तिथं नसतं, असंच नोंदवलं. सारावसुली आणि सावकारी व्याज यांच्याबद्दल बोलण्यापेक्षा गरिबाला साधेपणा शिकवणं केव्हाही सोपं.

या उपदेशाला खणखणीत उत्तर मिळालं ते १९२७ च्या डिसेंबरात, महाडला. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथं जमलेल्या स्त्रियांना सांगितलं, स्वच्छ राहा, लुगडं पांढरपेशा बायकांसारखं घोळदार नेसा, जात ओळखू येईल असे गळाभर दागिने टाकून द्या. कित्येकींनी तिथंच लुगडं नेसण्याची पद्धत बदलली. गांधीजींनी १९२१ साली मदुराईत पंचा नेसायचं ठरवलं ते स्वतःच्या मनानं. त्यांच्या त्यागाची थोरवी मी मानतो. पण ज्यांना नीट नेसूच दिलं नव्हतं, त्यांना पंचाचं कौतुक काय सांगायचं? लादलेल्या उणेपणाला साधेपणा म्हणणं हा अन्यायच आहे.

गाडगेबाबा दारिद्र्य अंगावर वागवूनच बोलत, म्हणून त्यांचं बोलणं लोकांना लागे. रीण काढून सण नको, रीण काढून लग्न नको, हे ते कीर्तनात समोरच्यांना विचारून, त्यांच्याच तोंडून वदवून घेत. मिळालेला पैसा धर्मशाळांना जाई.

२०२० मध्ये करोनामुळे लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली आणि घरच्या अंगणात लग्नं लागली. ती लग्नं त्यामुळे कमी टिकाऊ झाली, असं मला तरी दिसलं नाही. निर्बंध उठले आणि हळदीचे डीजे, ड्रोन, प्री-वेडिंग शूट सगळं परत आलं.

असं का होतं, हे याद्या करायच्या बैठकीत दिसतं. मुलाकडचे म्हणतात, ‘आमची काही अपेक्षा नाही, तुमच्या हौसेनं करा.’ एवढ्यानं मुलीचे वडील कार्यालय मोठं घेतात, मानपानाच्या साड्या वाढतात, रुखवतात फ्रिज येतो. साधेपणा सुचवायची मुभा त्यांना नसते; सुचवला तर तो कंजूसपणा ठरतो. ती मुभा मुलाकडच्यांना असते, पैसेवाल्यांना असते. तेव्हा तुमच्या घरी लग्नाचा मुलगा असेल, तर हौसेवर सोडू नका. माणसं किती, जेवण काय आणि निम्मा खर्च आमचा, हे पहिल्याच बैठकीत तुम्ही सांगा, आणि कागदावर लिहून द्या.